नाव न घ्यायचं गाव

मधे कुणी बोलायचं नाही, हे आधीच सांगून ठेवते. प्रश्न शेवटी. एकतीस वर्षं शाळेत काढली मी, पण गोष्टीत तोंड घालणारी पोरं मला अजून खपत नाहीत. त्यातून ही गोष्ट सांगायला बसले की माझं डोकं आधीच फिरलेलं असतं. चार शहाणीसुरती माणसं एक पोस्टकार्ड वाचायला बसली आणि चौघांनी मिळून ते चुकीचं वाचलं, त्याची ही गोष्ट आहे.

साल सत्तावन्न, महिना माघ. बारामतीपासून दोन कोसांवर, पाटाच्या कडेला आमची वस्ती होती. वडील गेणबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो. पाटाच्या पाण्यावर वांगी, मिरची, गवार काढायचे आणि गुरुवारच्या बाजाराला न्यायचे. मी छबू, अकरा वर्षांची, चौथीत होते. आई मी तीन वर्षांची असतानाच गेली. मला न्हाऊ घालणं, वेण्या घालणं, ताप आला की रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवणं, सगळं माझ्या थोरल्या बहिणीनं केलं. तिचं नाव सारजा, मी तिला अक्का म्हणायची. मला आईचा चेहरा आठवत नाही, पण त्याचं मला फारसं वाईटही वाटत नसे, कारण अक्का होती.

अक्काचं लग्न झालं सोळाव्या वर्षी, इंदापूर तालुक्यातल्या निरवांगीत. लग्नाच्या मांडवात नवऱ्यामुलाच्या चुलत्याला दिलेला फेटा म्हणे हलका निघाला. झालं. एवढ्यावरून सासरच्यांनी तोंड फिरवलं ते फिरवलंच. पहिल्या दिवाळीला आबा तिला आणायला गेले तर तिला पाठवली नाही. नागपंचमीला गेले तर ओसरीवर नुसते बसवून ठेवले आणि पाणीसुद्धा न विचारता परत लावून दिले. त्यानंतर आबा गेले नाहीत. दत्तोबा मास्तरांकडून कार्डं लिहून घेत आणि टाकत. एकाचंही उत्तर आलं नाही.

दोन वर्षं मी अक्काला बघितलं नव्हतं. दोन वर्षं म्हणजे किती, ते तुम्हांला कळायचं नाही. वेणी माझी मीच घालत होते, तिरकी यायची. संध्याकाळी पाटाच्या पुलावर जाऊन बसायची आणि इंदापूरकडच्या रस्त्यानं कुणी लुगड्यातली बाई येताना दिसली की उठून उभी राहायची. मला अक्का पाहिजे होती. दुसरं काहीच नको होतं.

आणि एका शनिवारी कार्ड आलं. निरवांगीच्या शाळामास्तरांनी लिहिलेलं, छान वळणदार अक्षर. अक्काला लिहिता येत नव्हतं, तिनं सांगितलं तसं त्यांनी उतरवलं होतं. पत्ता आबांच्या जुन्या कार्डावरून घेतलेला दिसत होता, अगदी शब्दाला शब्द. मजकूर असा होता:

‘आबांना देव देव. छबीला आशीर्वाद. आम्हां सर्वांचं कऱ्हेकाठी येणं आहे, महादेवाच्या वारी. दुपारचं लिंबाच्या आडाला बसेन. मग फार लांब जाणं आहे. भेटून जावं. सारजा.’

दत्तोबा मास्तरांनी ते मोठ्यानं वाचलं. आबा, शेजारचे रामहरीतात्या आणि त्यांचा भाऊ ऐकत होते. मास्तरांनी चष्मा पुसला आणि लगेच उलगडा केला. चैत्रात कऱ्हेचं पाणी कावडीत भरून लोक शिंगणापूरच्या महादेवाला जातात, तीच ही महादेवाची वारी. सारजाच्या सासरची मंडळी यंदा कऱ्हेकाठी कावडीला येणार. वाटेत लिंबाजवळ कुठंतरी आड असेल, त्या आडावर ती दुपारी बसेल. पुढं शिंगणापूरपर्यंत लांब चालत जायचं आहे, म्हणून तिथंच येऊन भेटा. रामहरीतात्यांनी मान हलवली. असा आड आपण पाहिलेला आहे, असंही त्यांनी ठोकून दिलं. त्यांना सगळंच पाहिलेलं असायचं.

आबा त्या दिवशी हसले. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्यांचे पुढचे दात बघितले. म्हणाले, आता चैत किती लांब आहे, दोन महिने, बघता बघता जातील. रात्री जेवताना तिला काय काय न्यायचं ते बोलत होते. मीही हो हो करत होते, पण मला ते कार्ड खुपत होतं. कुठं खुपतंय ते कळत नव्हतं. अक्का माझ्याशीच बोलतेय आणि मी नीट ऐकत नाहीये, असं काहीतरी वाटत होतं.

सोमवार उजाडला. त्या दिवशी आमची पाण्याची पाळी होती, म्हणून आबा पहाटेच शेतात गेले आणि मी भाकरी करायला घरी राहिले. शाळा बुडाली. भाकरी झाल्यावर मी पाटी घेतली आणि अक्काचं कार्ड उतरवायला बसले. दुसरं काही कारण नव्हतं, तिचे शब्द माझ्या हातानं लिहावेत एवढंच. पहिलंच वाक्य लिहिलं, ‘आबांना राम राम.’ कार्डाकडं बघितलं तर तिथं ‘देव देव’ होतं. मी पुसलं. पुसता पुसता हात थांबला.

आमच्याकडं देव देव कोण म्हणतं? अक्का तर वाटेनं जाणाऱ्या गाडीवानालाही राम राम घालायची.

मग आठवलं. लग्नाच्या आधी रंगूआत्या आली होती आणि तिनं अक्काला समोर बसवून धडा दिला होता. सासऱ्याचं नाव तोंडात आणायचं नाही, थोरल्या दिराचं नाही, नवऱ्याचं तर नाहीच. आणि नुसतं नाव नाही, त्या नावासारखा दुसरा शब्द असला तर तोही टाळायचा, त्याच्या जागी वेगळा शब्द घालायचा. अक्काचे सासरे सावळाराम. थोरले दीर सोमाजी. नवरा महिपती. मी लबाड. आत्या गेल्यावर अक्काला मुद्दाम अडवायची, तिच्या तोंडून राम म्हणवून घ्यायला बघायची. ती तोंडावर हात ठेवून हसायची आणि मला चिमटा काढायची.

सासरे सावळाराम, म्हणून राम राम गेलं आणि देव देव आलं. मी पुढं बघितलं. लिंबाच्या आडाला. आड म्हणजे पाण्याचा आड नव्हेच. उन्हाच्या आडाला बसतो, झाडाच्या आडाला बसतो, तसं. तिला म्हणायचं होतं लिंबाच्या सावलीला, पण सावळा आणि सावली जिभेवर किती जवळ. तो शब्दही तिनं गिळला होता. आणि महादेवाच्या वारी? दीर सोमाजी. सोम म्हणायचं नाही. मग सोमवारला काय म्हणणार बिचारी? महादेवाचा वार. महादेवाच्या वारी म्हणजे शिंगणापूर नाही, कावड नाही, चैत नाही. सोमवारी.

आणि कऱ्हेकाठी म्हणजे कुठं? कऱ्हेकाठी गावं काय कमी आहेत? मोरगाव कऱ्हेकाठी आहे, आणखी कितीतरी आहेत. मग तिनं गावाचं नाव का नाही घेतलं? मी पाटीवर आमचं बाजाराचं गाव लिहिलं, तेही कऱ्हेकाठचंच. रोज बोलतो आपण, कधी लक्षात येतं का? बा, रा, म, ती. मधोमध राम बसलेला.

आज सोमवार होता. आज दुपारी अक्का बारामतीत लिंबाच्या सावलीला बसणार होती, तिथून फार लांब जाणार होती, आणि आम्ही चैताची वाट बघत होतो.

मी भाकरी फडक्यात बांधली आणि शेतात पळाले. आबा दारं धरत होते, म्हणजे फावड्यानं एका सरीचं पाणी दुसऱ्या सरीत वळवत होते. गुडघ्यापर्यंत चिखल. मी धापा टाकत सगळं सांगितलं. आबांनी ऐकून घेतलं, नाही असं नाही. पण पंधरा दिवसांनी आलेली पाळी, अर्धी मिरची भिजायची राहिलेली, आणि समोर चौथीतली पोरगी. म्हणाले, मास्तरांनी वाचलंय, रामहरीनं तो आड बघितलाय, तू कुठलं काढतेस?

“आबा, मास्तर काय सासुरवाशीण हायेत का?” मी म्हटलं.

त्यांना हसू आलं आणि लगेच गेलं. “छबे, उगा जिवाला घोर लावू नगंस. पाणी संपलं की बोलू,” एवढं म्हणून ते फावडं घेऊन वळले.

मला राग आला, आणि रागाहून जास्त भीती वाटली. पाणी संपेपर्यंत दुपार टळणार होती. मी भाकरी बांधावर ठेवली आणि निघाले. पाटाच्या पुलापलीकडं मी एकटी कधी गेले नव्हते. शूर वगैरे काही नव्हते मी, तुमच्या पुस्तकातल्या पोरींसारखी. सगळी वाट रडत होते. रडत रडत पळत होते, एवढंच. एका वस्तीवरची कुत्री अंगावर आली, तेव्हा मी ढेकूळ उचललं आणि त्यांना अशा काही शिव्या दिल्या की उसाच्या गाडीवरचा गाडीवान थांबून बघायला लागला. माझ्या तोंडात असल्या शिव्या आहेत हे मलाच माहीत नव्हतं. गाडीवानानं विचारलं, कुणाची गं तू. मी थांबले नाही.

बारामतीत शिरले तेव्हा सूर्य डोक्यावर आला होता. आणि इथं मी चुकले. आजवर मी स्वतःला माफ केलेलं नाही. लांब जायचं म्हणजे एसटी, असं माझ्या डोक्यात घट्ट बसलेलं. मी सरळ एसटी स्टँड गाठला. तिथंही एक लिंब होता, खाली पानतंबाखूवाला आणि पंधरावीस माणसं. मी त्या लिंबाला तीन वेळा फेरी मारली. पदर घेतलेल्या प्रत्येक बाईच्या तोंडाकडं वाकून बघितलं. एका बाईनं मला हाकललं. कंडक्टरला विचारलं, लांब जाणारी गाडी कुठली, तर तो म्हणाला, पोरी, लांब म्हणजे कुठं ते सांग आधी. ते मला ठाऊक असतं तर आणखी काय हवं होतं. मी तिथंच मटकन बसले, आणि बसल्यावर शिट्टी ऐकू आली. दौंडकडून येणाऱ्या छोट्या आगगाडीची शिट्टी.

स्टेशनापर्यंत कशी गेले ते आठवत नाही. बाहेर लिंब होता. त्याच्या सावलीत बोचकी होती, पत्र्याची पेटी होती, डालग्यात कोंबड्या होत्या, आणि पोत्यात गुंडाळून सुंभानं बांधलेलं जातं होतं. जातं बघितलं आणि मला कळलं. जातं घेऊन निघालेली माणसं यात्रेला जात नाहीत. ती घर मोडून निघालेली असतात.

अक्का बोचक्याला टेकून, रस्त्याकडं तोंड करून बसली होती. आल्यापासून तशीच बसली असणार. किती वाळली होती. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. मी दिसले तशी ती उठली, पण सासरे समोर होते म्हणून पळाली नाही. पदर सावरत, भराभर चालत आली आणि माझं तोंड दोन्ही हातांत धरलं. माझ्या डोक्यावरून मागच्या रस्त्याकडं बघत होती.

“आबा कुठायत?” तिनं विचारलं.

मी सांगितलं, पाण्याची पाळी आहे. कार्ड कुणाला कळलंच नाही, सगळ्यांना शिंगणापूर वाटलं, मला आज सकाळी कळलं. मी एकदमच सगळं ओतलं. ती ऐकत होती, तरी डोळे रस्त्यावरच.

“तू वाचशील म्हणून तर धाडलं,” ती म्हणाली. मग म्हणाली, “पाळी चुकवू नका म्हणावं. मिरची वाळंल.” आणि माझी वेणी सोडून पुन्हा घालायला लागली, उभ्या उभ्या, भर रस्त्यात. तिची बोटं माझ्या केसांत होती तेवढा वेळ मला वाटलं, आता काही बिघडत नाही.

वेणी अर्धी झाली आणि हाक आली. जे काही कळलं ते मला दाजींकडून, म्हणजे अक्काच्या नवऱ्याकडून, सामान उचलता उचलता कळलं. तिकडं मोगलाईत, म्हणजे आता ज्याला आपण मराठवाडा म्हणतो तिकडं, नदीकाठची जमीन वाट्यानं मिळाली होती. सगळं घरच चाललं होतं. इथून दौंड, मग मोठी गाडी, मग आणखी एक दिवस बैलगाडी. परत कधी येणार, असं मी विचारलं तर दाजींनी वडिलांकडं बघितलं. भले माणूस होते ते, पण बापापुढं तोंड उघडत नसत. मी सावळारामबुवांनाच विचारलं, गावाचं नाव काय, आम्हांला कार्ड टाकायचं आहे. ते म्हणाले, लांब आहे पोरी, कार्डं टाकून काय करायचंय, झाली तेवढी पुरे. रागानं नाही, सहज म्हणाले. त्याचाच मला जास्त संताप आला.

मी त्यांच्यामागं फलाटावर गेले. मला तिकीट कुणी विचारलं नाही. जातं चढवायला तिघं लागले. अक्का खिडकीशी बसली, तिच्या शेजारी सासू, समोर सासरे. मी गज धरून उभी राहिले. मला एकच हवं होतं आता, गावाचं नाव. ते मिळालं नाही तर अक्का गेली ती कायमची गेली, हे मला कळत होतं. तिलाही कळत होतं. ती हळूच म्हणाली, पिंपळी. पण पिंपळी नावाची गावं पावलोपावली असतात, कुठली पिंपळी? तिनं ओठ हलवले. सासऱ्यांकडं एकदा बघितलं. मग म्हणाली, सीतामाईच्या नवऱ्याची. तेवढ्यात इंजिनानं वाफ सोडली आणि मला ‘माईच्या’ एवढंच ऐकू आलं, बाकीचं मागून उमगलं. मी ओरडले, कुणाची? गाडी हलली. मी गज सोडला नाही, बरोबर पळायला लागले. कुणाची अक्का, कुणाची?

आणि अक्का उठून उभी राहिली. डोक्यावरचा पदर खाली पडला, तो तिनं सावरला नाही. गजांना तोंड लावून, सासू, सासरे, दीर, नवरा, सगळ्यांच्या देखत, सगळ्या डब्याला ऐकू जाईल असं ती ओरडली.

“रामपिंपळी! छबे, रामपिंपळी! राम! राम!”

सासूचा हात तिच्या दंडावर पडलेला मी बघितला. सावळारामबुवा उभे राहिलेले बघितले. मग फलाट संपला आणि गज माझ्या हातातून सुटले.

मी तिथंच बसून राहिले. अर्ध्या वेणीचे केस तोंडावर येत होते, ते मी बाजूला केले नाहीत. किती वेळ गेला कोण जाणे. फलाटावर धावती पावलं वाजली आणि बघितलं तर आबा. गुडघ्यापर्यंत चिखल तसाच, डोक्याला मुंडासं नाही. माझं म्हणणं त्यांच्या मनात आलं होतं, मी गेल्यावर, मिरचीच्या दुसऱ्या वाफ्यात. पाणी तसंच वाहतं सोडून ते पळत आले होते. त्यांनी रिकाम्या रुळांकडं बघितलं, मग माझ्याकडं.

“माझं इचारलं का तिनं?”

खोटं सांगता आलं असतं. मला तेव्हा सुचलं नाही, आणि आज सुचलं तरी सांगितलं नसतं.

“पयलं तुमचंच इचारलं. मी म्हटलं, पाळी हाय. तर म्हणाली, पाळी चुकवू नका म्हणावं, मिरची वाळंल.”

आबा फलाटाच्या कडेला माझ्याशेजारी बसले. चिखलाचे हात मांडीवर ठेवले होते. मग मी त्यांना गावाचं नाव सांगितलं, आणि ते तिनं कसं सांगितलं, कुणाकुणाच्या समोर सांगितलं, तेही सांगितलं. आबा माझ्याकडं बघतच राहिले.

“तिच्या तोंडानं? मामंजींच्या म्होरं?”

मी मान हलवली. तेव्हा आबा रडले. आई गेली तेव्हा ते रडले होते म्हणतात, मला आठवत नाही. हे मी बघितलं. रडता रडता म्हणत होते, आता त्या पोरीला तिथं काय काय सोसावं लागेल. आणि पुन्हा मला म्हणत होते, नाव सांग, पुन्हा सांग, नीट सांग. मी सांगितलं, रामपिंपळी. दोन कोस आम्ही चालत घरी गेलो आणि वाटभर त्यांनी मला तेच विचारलं. पुलावर आलो तेव्हा आमचं पाणी पुढच्याच्या शेतात गेलेलं दिसलं. आबांनी तिकडं बघितलंसुद्धा नाही. ते म्हणाले, “पुन्यांदा सांग.”